इसाकभाईंचा ऐनवेळचा विषय

परळीतला एक तरी प्रतिष्ठित माणूस दाखवा, ज्याच्या डोक्याला इसाकभाईंचा हात लागलेला नाही. मी चहा पाजीन. हात लागला म्हणजे फेटा बांधून घेतला. दुसरा अर्थ काढू नका. इसाकभाईंनी उभ्या आयुष्यात कुणाला टपली मारल्याचे माझ्या ऐकिवात नाही, आणि या गावात काही डोकी अशी आहेत की तो मोह आवरणे सोपे नव्हे.

लग्न, साखरपुडा, निवड, फेरनिवड, दुकानाचे उद्घाटन, जामिनावर सुटून आलेल्याचे स्वागत, फेटा सगळीकडे लागतो. मी शाळेतून निवृत्त झाले तेव्हा मलाही त्यांनीच गुलाबी फेटा बांधला होता. एकतीस वर्षे पोरांना शिकवून डोके दुखले नाही तेवढे त्या दिवशी भाषणांनी दुखले, पण फेटा जागचा हलला नाही.

इसाकभाई बासष्ट वर्षांचे, उंचीने कमी. खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या डोक्यापर्यंत त्यांचा हात न वाकता पोचतो. म्हणतात, "अल्लानं नाप घेऊनच बनवलंय मला." वडील रंगारी होते. रंगवलेले कापड बाजारात तयार मिळू लागले, घरातले रंगाचे हंडे पालथे पडले, आणि फेटे तेवढे उरले. पांढरा फेटा मात्र ते बांधत नाहीत, कारण थर्मल वीज केंद्राची राख दोन तासांत त्याचा रंग घालवते. "पांढरं फक्त पुढाऱ्यानं घालावं, बाई. त्याचे धुणारे वेगळे असतेत."

त्यांचे दोन नियम आहेत. फेटा डोक्यावरच बांधायचा, हा पहिला. हल्ली गुडघ्यावर बांधून, टाके घालून टोपीसारखे तयार फेटे मिळतात. इसाकभाई त्यांच्याकडे बघतसुद्धा नाहीत. गुडघ्यावर बांधलेला फेटा गुडघ्यालाच शोभतो, असे त्यांचे मत आहे. दुसरा नियम जरा चमत्कारिक. फेट्याचे कापड नऊ मीटर. एक टोक इसाकभाईंच्या हातात, दुसरे कुणीतरी लांब उभे राहून ताणून धरायचे आणि पीळ देत राहायचे. बाकीचे फेटेवाले त्यासाठी माणूस ठेवतात. इसाकभाई ठेवत नाहीत. ज्याचे डोके, त्याच्याच ओळखीच्या कुणीतरी टोक धरायचे, आणि कुणी धरायचे ते इसाकभाई ठरवणार.

माझ्या भाच्याच्या लग्नात त्याचा थोरला काका वाटणीवरून रुसून मांडवाच्या बाहेर पंख्याखाली बसला होता. इसाकभाईंनी तिथूनच हाळी दिली, "ओ काका, या, टोक धरा." भर मांडवात नाही कसे म्हणणार? काका पाच मिनिटे टोक धरून पुतण्यासमोर उभा राहिला आणि मग पंगतीला बसून चार जिलब्या जास्तीच्या खाऊन गेला. मी त्याला योगायोग समजले. शिकलेल्या माणसाला असे योगायोग फार दिसतात.

आता समितीकडे वळते, कारण माझी खरी चीड तिथे आहे.

गावात पोरांच्या मारामाऱ्या वाढल्या होत्या. चौकाचौकात बॅनर, बॅनरवर काळे गॉगल घातलेली चौदा-चौदा पोरे, आणि प्रत्येकाच्या नावापुढे 'दादा' किंवा 'भाई'. तलवारीने केक कापायचा, त्याचा व्हिडिओ करायचा, त्यावर गाणे चढवायचे, आणि त्या व्हिडिओवर हसलेल्याला दुसऱ्या दिवशी गाठायचे. काही तरी करायला हवे, असे सगळ्यांना वाटू लागले. सगळ्यांना वाटू लागले की आपल्याकडे समिती होते. तशी 'युवा हिंसामुक्त शहर कृती समिती' झाली. सदस्य एक्केचाळीस. सर्वांत तरुण सदस्याला दोन नातवंडे.

मला चिटणीस केले, कारण माझे अक्षर चांगले, आणि महिला प्रतिनिधीची वेगळी खुर्ची मांडावी लागली नाही. अध्यक्ष झाले विठ्ठलराव, एकदा निवडून आलेले पुढारी. सिरसाळ्याकडे यांची बागायती शेती, परळीत दुमजली घर, आणि त्या दोहोंच्या मध्ये रस्त्याच्या कडेला यांचे बॅनर. माणूस वाईट नाही. फक्त स्वतःच्या आवाजाशिवाय दुसरे काही फार वेळ ऐकलेले नाही.

पहिली बैठक नियोजनाची होती. नियोजनाच्या बैठकीलाही फेटे! एक्केचाळीस जणांनी एकमेकांचा सत्कार केला. मी सुचवले की युवकांसाठीच आहे तर चार-दोन युवकांना बोलवावे. विठ्ठलराव म्हणाले, "पोरं आली की गोंधळ होतो, बाई. आधी आपण ठरवू, मंग त्यांना कळवू." मग समितीचे नाव 'हिंसामुक्त' असावे की 'अहिंसायुक्त' यावर पाऊण तास चर्चा झाली. दोन सदस्यांचा आवाज इतका चढला की तिसऱ्याला मध्ये पडावे लागले.

विषयपत्रिकेत शेवटी 'ऐनवेळचे विषय' होते. ते वाचणार तेवढ्यात पोह्यांचा वास आला आणि सभा संपली.

मी कागद आवरत होते तेव्हा इसाकभाई फेट्यांचे गाठोडे बांधून माझ्याजवळ आले.

"बाई, माझा एक विषय घेता का?"

विषय असा होता. इसाकभाईंचा नातू वासिफ, वय एकोणीस. बापाच्या, म्हणजे कलीमच्या गॅरेजवर काम करतो. महिन्यापूर्वी कॉलनीच्या मैदानावर क्रिकेट खेळताना धावबाद झाला आणि जायला तयार होईना. बाचाबाची झाली, आणि वासिफने समोरच्या पोराच्या मुस्काटात दिली. ते पोरगे म्हणजे आदिनाथ, विठ्ठलरावांचा धाकटा. कुणीतरी मोबाईलवर ते टिपले, त्याला दणदणीत गाणे लावले आणि सोडून दिले. अकरा हजार लोकांनी ती चापट पाहिली. काहींनी तीन-तीनदा.

दोघेही माझ्या हाताखालून गेलेले. चौथीत एका बाकावर बसायचे. एकाचा डबा दुसरा खायचा आणि दोघे मिळून माझा खडू पळवायचे.

"अठरा तारखेला आदिनाथचा वाढदिवस हाय," इसाकभाई म्हणाले. "त्याच्या पोरांनी स्टेटस ठेवलंय. वाढदिवस अठराला, परतफेड पण अठरालाच. नुसतं हातानं मारायचं न्हाई म्हणतेत." त्यांचा आवाज एरवीसारखाच होता, पण गाठोड्याची गाठ ते पुन्हा पुन्हा सोडत होते आणि बांधत होते.

"पोलिसांत कावून जात न्हाई तुमी?" त्यांच्याशी बोलताना माझीही भाषा त्यांच्यासारखी होते.

"गेलो तर दोघांची नावं लिहितेत. एकदा नाव लिहिलं की पोरगं त्या नावाला जागतंय. घरवाली जैनबबी म्हणती, उदगीरला माझ्या भावाकडं पाठवा. किती दिवस पाठवू? अठरा तारीख दर महिन्याला येती, बाई."

"विठ्ठलरावांशी बोललात?"

"गेलतो की. म्हणले, तुझ्या नातवानं चारचौघांत मारलं, चारचौघांत पाय धरू दे. वासिफ म्हणतो, चुकलं म्हणतो, पाय न्हाई धरणार. आता मी काय करू? मला लई काय नको. तुमच्यातली चार मोठी माणसं, अर्धा तास. दोघांना समोरासमोर बसवायचं. बस."

मी वहीत लिहून घेतले. 'इसाकभाई यांचा विषय.' अक्षर चांगले आले होते.

दुसऱ्या बैठकीत कार्यक्रमाची तारीख ठरली. भव्य शपथ सोहळा, पुण्याचे प्रेरणादायी वक्ते, हजार युवकांची उपस्थिती. हजार आणायचे कुठून हा प्रश्न होता. विठ्ठलराव म्हणाले, "अठराला ठेवू. त्या दिवशी आमच्या आदिनाथचा वाढदिवस हाय, पोरं आपोआप जमतेत." टाळ्या पडल्या. मी इसाकभाईंकडे पाहिले. ते मागच्या भिंतीशी उभे होते आणि त्यांच्या हातातला फेटा अर्धा उलगडलेला तसाच राहिला होता.

त्यानंतर पाहुण्यांना भेट काय द्यायची हे ठरले. तलवार. मी म्हटले, हिंसामुक्तीच्या कार्यक्रमात तलवार? विठ्ठलरावांनी मला चौथीच्या मुलीला समजवावे तसे समजावले. "ती शौर्याची हाय बाई, हिंसेची न्हाई. आन् धार नसती तिला." मी म्हटले, पोरे केक कापतात तिलाही धार नसते. कुणीतरी हसले, कुणीतरी 'मंजूर, मंजूर' म्हणाले. तलवार सर्वानुमते मंजूर झाली.

शेवटी मी उठून म्हटले, "ऐनवेळचे विषय. इसाकभाईंचा एक विषय आहे."

विठ्ठलरावांना तो कोणता हे ठाऊक होते. क्षणभर त्यांची मान खाली गेली. मग घड्याळाकडे बघत म्हणाले, "पोरंच हायेत, रक्त गरम असतंय. पुढच्या सभेत प्राधान्यानं घेऊ."

पुढची सभा म्हणजे अठरा तारखेचा सोहळाच, हे मी तिथल्या तिथे म्हणू शकले असते. म्हटले नाही. मला माझी लाज वाटते ती या जागी. इतिवृत्तात मी लिहिले, 'विषयावर सविस्तर चर्चा होऊन तो पुढील सभेत घेण्याचे ठरले.' सविस्तर!

अठराला सकाळी दहाचा कार्यक्रम होता. मंगल कार्यालयाबाहेर साडेनऊपासून मोटारसायकली लागल्या. विठ्ठलराव म्हणाले तसेच झाले, पोरे आपोआप जमली. खुर्च्यांवरची राख हाताने झटकून बसत होती, परत उठत होती, बाहेर जाऊन एकमेकांच्या कानात बोलत होती. दारावर मोठा बॅनर होता. वर 'हिंसामुक्त युवा, सुरक्षित शहर', खाली आदिनाथला वाढदिवसाच्या शुभेच्छा, आणि दोन्हींच्या मध्ये आदिनाथ धरून गॉगल घातलेली तीच चौदा पोरे.

पाहुणे मांजरसुंब्याला चहाला थांबले होते. साडेदहाला फोन केला तरी मांजरसुंब्यालाच होते.

व्यासपीठाच्या बाजूच्या लांबट खोलीत फेटे बांधणे चालू होते. मी तिथेच एका स्टुलावर प्रमाणपत्रांवर नावे लिहीत बसले होते. इसाकभाईंसोबत गाठोडे घेऊन वासिफ आला होता. मी हळूच म्हटले, "याला इथे कशाला आणलंत? बाहेर बघितलं ना किती जण आहेत ते?"

"घरी ठेवला तर घरी येतेत," ते म्हणाले. "इथं निदान माझ्या डोळ्यासमोर हाय."

एकेक सदस्य येऊन फेटा बांधून गेला. मग आदिनाथ आला. शपथ तोच वाचणार होता, युवा प्रतिनिधी म्हणून. पांढरा कडक शर्ट, हातात दोन मोबाईल, मागे तीन मित्र. आत शिरताच त्याला वासिफ दिसला. दोघेही जागच्या जागी थांबले.

"बस बेटा," इसाकभाई म्हणाले, जसे काही दिसलेच नाही. "आन् तुमी तिघं भाईर व्हा. कापडाला जागा लागती." मित्रांनी आदिनाथकडे पाहिले, त्याने मान हलवली, ते बाहेर गेले. आदिनाथ खुर्चीवर बसला. इसाकभाईंनी भगव्या कापडाचे पहिले दोन वेढे त्याच्या डोक्याला घेतले, बाकीचे मोकळे सोडले, आणि मागे न बघता म्हणाले, "वासिफ, टोक धर."

आदिनाथ उठायला लागला. "ह्यो कावून?"

"हालू नको."

"दुसरं कुणी बगा की, चाचा."

"फेटा डोक्यावर चढलाय," इसाकभाई शांतपणे म्हणाले. "आता उठलास तर उतरल. भाईर सगळ्यांच्या हातात मोबाईल हायेत. वाढदिवसाच्या दिवशी फेटा उतरल्याचा व्हिडिओ निघंल. बस."

आदिनाथ बसला. वासिफने जाऊन टोक उचलले आणि खोलीच्या दुसऱ्या भिंतीपाशी उभा राहिला. मधे उरलेले सगळे कापड ताणलेले. माझ्या हातातले पेन थांबले होते. खरे सांगते, मला भीती वाटत होती. एक झटका बसला असता तरी आदिनाथची मान मुरगळली असती, आणि वासिफच्या हाताच्या शिरा मला बसल्या जागेवरून दिसत होत्या.

"ताण," इसाकभाई म्हणाले. "सैल सोडू नको. लई ओढू पण नको, तिकडं त्याची मान हाय."

एरवी हा माणूस चार मिनिटांत फेटा बांधतो. त्या दिवशी पुढच्या एका वेढ्यालाच सहा मिनिटे लावली. मग म्हणाले पीळ चुकला, आणि सगळे सोडून पुन्हा सुरू केले. इसाकभाईंचा पीळ चुकलेला मी तोवर कधी पाहिला नव्हता. बांधता बांधता ते आपले बोलत होते, ना याच्याशी ना त्याच्याशी.

"तुझ्या आज्ज्याला सात मीटर पुरायचं, आदिनाथ. बापाला निवडून येईपर्यंत आठ लागायचं. निवडून आल्यावर नऊ लागाया लागलं. डोकं तेवढंच हाय. मी नापलंय."

भिंतीपाशी वासिफच्या नाकातून फुस्सकन हसू सुटले. ते कापडातून थेट आदिनाथपर्यंत गेले असणार, कारण त्याचे खांदे हलले. इसाकभाई ओरडले, "हसू नका बे, तुरा वाकडा होतो!" त्यावर दोघेही ओठ दाबून इकडे तिकडे बघू लागले. चौथीत खडू पळवल्यावर असेच बघायचे.

मग पुन्हा वेढे सुरू झाले. कापड गोल गोल फिरत राहिले, आणि जसजसे ते संपत आले तसतसा वासिफला एकेक पाऊल पुढे यावे लागले. तो दोन हातांवर आला तेव्हा कापडाकडे बघतच म्हणाला,

"मी आऊट होतो बे."

आदिनाथने मान हलवली नाही. हलवता येतच नव्हती. "मंग? मी काय म्हणत होतो?"

"आन् व्हिडिओ मी न्हाई टाकला."

"माहीत हाय. कुणी टाकला ते पण माहीत हाय."

एवढेच. चार मोठी माणसे आणि अर्धा तास मागितला होता इसाकभाईंनी. एक्केचाळीस माणसांना दोन सभांत तो सापडला नव्हता.

तेवढ्यात दार उघडून विठ्ठलराव आत आले. "इसाकभाई, आटपा! पाहुणे उतरले!" मग त्यांना टोक कुणाच्या हातात आहे ते दिसले. त्यांचा चेहरा बदलला. तोंड उघडले.

"साहेब, दोनच वेढे राहिलेत," इसाकभाई म्हणाले. "अर्ध्यात सोडला तर पोराचा फेटा उतरतो. तुमच्या पोराचा, आज, तुमच्याच कार्यक्रमात. तुमी म्हणाल तसं करतो."

विठ्ठलरावांचे तोंड मिटले. ते दारातच उभे राहिले. दोन वेढ्यांना इसाकभाईंनी आठ मिनिटे लावली, आणि अध्यक्षमहाराजांना आयुष्यात पहिल्यांदा कुणाला मध्ये न तोडता काहीतरी पूर्ण होईपर्यंत बघावे लागले. बाप मुलाकडे बघत होता. मुलगा समोर बघत होता. मग विठ्ठलराव पाहुण्यांकडे गेले.

"आता ह्याला," इसाकभाई म्हणाले आणि वासिफला खुर्चीवर बसवले. "आदिनाथ, टोक धर."

"मी?"

"मंग काय पाहुणे धरतील?"

बाहेर माईकवरून 'थोड्याच वेळात, थोड्याच वेळात' चालू होते, आणि आत आदिनाथ डोक्यावर फेटा, खांद्यावर शेमला अशा थाटात वासिफच्या फेट्याचे टोक धरून उभा होता. शेवटी वासिफ उठताना इसाकभाईंनी दोघांना एकच सांगितले. "आज वाकायचं न्हाई, धावायचं न्हाई, झटापट तर बिलकूल न्हाई. संध्याकाळपर्यंत फेटा टिकला पायजे. माझी इज्जत हाय."

पाहुण्यांचा फेटा त्यांनी तीन मिनिटांत बांधला.

कार्यक्रम अडीच तास उशिरा सुरू झाला. पाहुण्यांना पुढे लातूरला दुसऱ्या हिंसेविरुद्ध बोलायचे होते, त्यामुळे ते सात मिनिटेच बोलले. मग त्यांना तलवार दिली. त्यांनी ती म्यानातून काढून वर धरली, विठ्ठलरावांनी त्यांचा हात धरून आणखी वर केली, आणि हजार पोरे सकाळपासून पहिल्यांदा मनापासून ओरडली. आदिनाथने शपथ वाचली. मधे एका ठिकाणी अडखळला, पुन्हा वाचली.

खरी गोष्ट त्यानंतर बाहेर घडली, आणि ती बघायला समितीचे कुणी नव्हते. सगळे जेवत होते. मी पायऱ्यांवर उभी होते. मोटारसायकली सुरू करून पोरे वाट बघत होती. वासिफ फाटकाजवळ आजोबांचे गाठोडे धरून उभा होता. ते तिघे मित्र आदिनाथजवळ आले. एक म्हणाला, "चल बे आदि. ठरलंय ना? तो बग तिथं हाय."

आदिनाथने दोन्ही हातांनी डोक्यावरचा फेटा सावरला.

"आज न्हाई बे. फेटा बांधलाय. सुटल."

मित्र बघतच राहिले. फेटा बांधलेल्या माणसाने मारामारी करू नये हे त्यांनाही पटण्यासारखे होते. हळूहळू गाड्या वळल्या. आदिनाथ ताठ मानेने फाटकापर्यंत गेला, वासिफला म्हणाला, "चेन वाजती माझ्या गाडीची. बगतो का?" आणि ते दोघे, डोक्यावर नऊ-नऊ मीटर घेऊन, कलीमच्या गॅरेजकडे गेले. मला रडू आले. मी पदराने डोळे पुसले आणि जेवायला गेले नाही.

इसाकभाई कापडांच्या घड्या घालत होते. मी विचारले, "तुम्हाला कसं कळलं, तो ऐकेल म्हणून?"

"ऐकवलं कुठं काय मी? पोराला मागं फिरायचंच असतंय, बाई. निमित्त पायजे असतंय. ते कुणी देत न्हाई. सगळे उपदेश देतेत."

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो आला. 'हिंसामुक्त' या अक्षरांच्या बरोबर खाली तलवार.

चार दिवसांनी समितीची आढावा बैठक झाली. सोहळ्यानंतर शहरात अनुचित प्रकार घडला नाही, याचे श्रेय पाहुण्यांच्या ओजस्वी मार्गदर्शनाला देण्यात आले. नंतर विलंबाचा विषय निघाला. फेटेवाल्याने अडीच तास घालवले, पाहुणे नाराज झाले, शहराची शोभा झाली, असे एकजण म्हणाला. इसाकभाईंना यापुढे बोलावू नये, तयार फेटे आणावेत, असा ठराव आला. मी विठ्ठलरावांकडे पाहत होते. त्यांना सगळे माहीत होते. मुलगा त्या दिवशी संध्याकाळी घरी आला होता, फेट्यासकट. त्यांनी घसा खाकरला, पाणी प्याले, आणि म्हणाले, "मंजूर."

या वेळी मी उठले. म्हटले, माझा विरोध आहे, आणि का आहे तेही सांगते. माझे पहिले वाक्य पूर्ण होण्याआधी पोहे आले.

त्या सायंकाळी घरी बसून इतिवृत्त लिहिले. ठराव होता तसा लिहिला. शेवटी ऐनवेळचे विषय लिहिले:

'इसाकभाई यांचा विषय. दि. १८ रोजी बाजूच्या खोलीत घेण्यात आला. उपस्थित : इसाकभाई, वासिफ, आदिनाथ, चिटणीस. अध्यक्ष आठ मिनिटे दारात उपस्थित होते व त्यांनी हरकत घेतली नाही. वासिफ यांनी आपण धावबाद असल्याचे मान्य केले. विषय निकाली.'

विठ्ठलरावांनी सही केली. ते कधी वाचत नाहीत. मात्र या खेपेला पेन त्या ओळीवर बराच वेळ थांबले होते, एवढे मी बघितले.

ती वही घेऊन मी इसाकभाईंच्या घरी गेले. जैनबबींनी चहा केला. मी ठरावाचे सांगितले, तर ते हसले. म्हणाले, "एक्केचाळीस डोक्यांचं वजन कमी झालं माझ्या हातावरचं." आता समिती तयार फेटे आणते. ते सगळ्यांना एकाच मापाचे असल्यामुळे अर्ध्यांच्या कानावर येतात आणि अर्ध्यांच्या डोक्यावर नुसते ठेवल्यासारखे दिसतात. मग मी त्यांना शेवटची ओळ वाचून दाखवली.

"निकाली म्हंजे?"

"म्हणजे मिटला. संपला."

इसाकभाईंनी चहाची बशी खाली ठेवली.

"संपला कसा? पुढच्या महिन्यात पण अठरा तारीख हाय, बाई. आन् त्या बॅनरवर अजून तेरा पोरं हायेत."

अध्यक्षांच्या सहीनंतर इतिवृत्तात खाडाखोड करायची नाही, हा नियम मी एकतीस वर्षे शाळेत पाळला. तिथेच बसून मी 'निकाली' वर काट मारली, वर 'चालू' लिहिले, आणि बाजूला माझी सही केली. मग इसाकभाईंना विचारले, त्या तेरांतला पहिला कोण, आणि त्याचे टोक कुणाच्या हातात द्यायचे.